कोकणचा किनारा ७२०, ६५२ की ८७८? वाचनालयाच्या भिंतीवरच्या नकाशासाठी पक्के आकडे हवेत

खाडीकाठ (प्रश्न)

मंडळी, गावच्या वाचनालयात कोकणाचा मोठा नकाशा लावायचा आहे. सहा फूट उंच, दोन फूट रुंद प्लायचा फळा, त्यावर रंगकाम आणि कडेला चौकटीत भूगोल, इतिहास, लोकसंख्या असा थोडा मजकूर. एकदा रंगवला की दहा-पंधरा वर्षं त्याला कोणी हात लावणार नाही. चूक झाली तर पोरं तीच पाठ करतील.

अडलंय कुठे ते सांगतो. किनाऱ्याची लांबी शाळेच्या पुस्तकात ७२० किमी, एका जुन्या सरकारी तक्त्यात ६५२.६ आणि अलीकडे ८७७.९७. यातला कुठला घ्यायचा? हद्द ‘दमणगंगा ते तेरेखोल’ अशी लिहिली तर चालेल ना? रत्नागिरी जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या एका ठिकाणी १६,१२,६७२ आहे, दुसरीकडे १६,१५,०६९. त्यात १९६१ च्या पुस्तकात रत्नागिरी १८ लाखांच्या वर दिसते, म्हणजे तेव्हा माणसं जास्त होती की काय? आणि जुनी बंदरं दाखवायची तर कुठली आणि किती?

साखळी_सर्व्हे

लांबीपासून सुरू करू. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त मोजपट्टी वेगळी आहे.

डहाणूच्या वरून रेडीपर्यंत नकाशावर सरळ रेघ मारलीत तर साधारण ५०० किमी भरतात. बाकीचे सगळे किलोमीटर वळणांचे. नकाशा जितका ढोबळ, तितकी वळणं बुजतात आणि लांबी कमी येते. देशाची ७,५१६.६ किमी ही जुनी लांबी आणि त्यातली महाराष्ट्राची ६५२.६ ही १९७० च्या दशकातल्या ढोबळ नकाशांवरची. नव्या मोजणीत १:२,५०,००० प्रमाणाचे इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशे घेतले आणि भरतीरेषा धरली. त्यात देशाचे ११,०९८.८१ झाले, महाराष्ट्राचे ८७७.९७. समुद्र काही पुढे आला नाही, मोजायचा दोरा बारीक झाला. ७२० हा राज्याचा पूर्वापार चालत आलेला आकडा, म्हणून तो पुस्तकांत आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर १:५०,००० ची टोपोशीट (सर्वेक्षणाचा तपशीलवार नकाशा) घ्या आणि डिव्हायडर (दोन टोकदार पायांचं मापयंत्र) १ सेंमी उघडा. म्हणजे एक पाऊल ५०० मीटरचं. या पावलांनी गुहागर ते जयगड चाला. मग डिव्हायडर ४ मिमीवर आणा (पाऊल २०० मीटर) आणि तेच पुन्हा करा. दुसऱ्या वेळी लांबी जास्त येणारच, कारण पहिल्या वेळी जी नाकं आणि खाचा तुम्ही ओलांडून गेलात त्यांत आता पाऊल शिरतं.

खरी मेख मात्र खाडीत आहे. खाडीचं तोंड कुठे ‘बंद’ करायचं? दाभोळला, म्हणजे वाशिष्ठी नदीच्या तोंडाशी, काठाकाठाला जोडणारी रेघ मारली तर हिशेब तिथेच संपतो. भरतीचं पाणी चढतं तिथवर काठ धरायचा म्हटलं तर वाशिष्ठीत चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत जावं लागतं, चाळीस किलोमीटरच्या वर. काठ दोन, म्हणजे एका खाडीने ऐंशीहून जास्त किलोमीटर वाढले. अशा खाड्या किती आहेत ते मोजा: वैतरणा, वसई, ठाणे, धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, आणि मोठ्याच सांगतोय. मुरूड किंवा श्रीवर्धनच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) कसंही मोजा, फरक नगण्य. खाडीत शिरलात की आकडा तुमच्या हातात उरत नाही.

फळ्यावर लिहा: ‘सागरी किनारा: ८७७.९७ किमी (नवी मोजणी). पूर्वीचा प्रचलित आकडा ७२० किमी’. दोन्ही असू द्या. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ७२० लागेल आणि बातमी वाचणाऱ्याला ८७८.

संगणकावर स्वतः मोजणार असाल तर एक सावधगिरी. मोबाईल-वेबवरचे नकाशे ज्या वेब मर्केटर प्रक्षेपात असतात त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसं अंतर फुगतं. १७ अंश अक्षांशावर म्हणजे रत्नागिरीच्या पट्ट्यात सुमारे साडेचार टक्के, डहाणूकडे सहाच्या वर. क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक-प्रणालीत किनाऱ्याचा थर यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपात आणा, मग मोजा. सगळं कोकण याच एका झोनमध्ये बसतं, तेवढं आपलं नशीब.

रेडीकर

लांबीचं वर आलं, मी दोन टोकांबद्दल लिहितो. ‘दमणगंगा ते तेरेखोल’ म्हणायला गोड आहे, पण नकाशात तसंच रंगवलंत तर दोन्हीकडे चुकाल.

उत्तर टोक आधी. दमणगंगा समुद्राला मिळते ती दमणला. तिथून खाली महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत जो किनारा आहे तो, दमणचा थोडा तुकडा सोडला तर, गुजरातचा. नारगोळ, उंबरगाव त्यातच येतात. १ मे १९६० ला राज्यं झाली तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग तिकडे गेला. महाराष्ट्राचा किनारा सुरू होतो बोर्डीच्या वर, झाईपाशी. दमणगंगा ही कोकण या *प्रदेशाची* पारंपरिक सीमा. राज्याची किनारी सीमा नव्हे.

दक्षिण टोक आणखी गमतीचं. तेरेखोल नदी ही महाराष्ट्र-गोव्याची हद्द, असं सगळेच लिहितात. पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आपल्या बाजूला असूनही गोव्यात आहे, पेडणे तालुक्यात. नदीच्या मध्यावरून डोळे मिटून रेघ ओढलीत तर किल्ला महाराष्ट्रात येईल आणि पहिलाच गोंयकार येऊन फळ्यावर बोट ठेवेल. समुद्राला लागलेलं आपलं शेवटचं गाव रेडी. किल्ल्याभोवतीचा चिमुकला तुकडा गोव्याच्या रंगात ठेवा.

‘कोकण’ कुठपर्यंत, हा वेगळा वाद आहे आणि तो फळ्यावर नको. जुन्या अर्थाने गोवा आणि कारवारही कोकणच. कारवारचा उत्तर कानडा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांकडून सुटला. चौकटीचं शीर्षक सरळ ‘कोकण विभाग (महाराष्ट्र)’ असं घाला, वादच मिटला.

जिल्हे सात: पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. मिळून ३०,७२८ चौ. किमी. राज्याच्या क्षेत्रफळाचा दहावा हिस्सा म्हणायला हरकत नाही.

शिरगणती

लोकसंख्येचे गोंधळ एकेक करून.

१६,१२,६७२ हा तात्पुरता आकडा, २०११ ची मोजणी झाल्याझाल्या जाहीर झालेला. १६,१५,०६९ हा अंतिम. जालावर दोन्ही सुखाने नांदतात, कारण घाईत पहिला उतरवलेला कोणी बदलत नाही. सिंधुदुर्गाचंही तसंच: तात्पुरता ८,४८,८६८, अंतिम ८,४९,६५१. ओळखायची खूण म्हणजे लिंग गुणोत्तर (दर हजार पुरुषांमागे स्त्रिया). रत्नागिरीपुढे ११२३ आणि सिंधुदुर्गापुढे १०३७ दिसलं तर तक्ता तात्पुरता; ११२२ आणि १०३६ असेल तर अंतिम.

१९६१ चं कोडं सीमेचं आहे. तेव्हाच्या रत्नागिरीत देवगड, मालवण, कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत सगळं होतं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. म्हणून जुन्या पुस्तकातली रत्नागिरी आजच्या रत्नागिरीशी ताडून बघायचीच नाही. आजचे दोन्ही जिल्हे एकत्र करा, २४,६४,७२० होतात, आणि मग तुलना करा. माणसं वाढलीच आहेत, पण पन्नास वर्षांच्या मानाने फार थोडी. हीच काळजी पालघरला: तो १ ऑगस्ट २०१४ चा, म्हणजे २०११ च्या मूळ तक्त्यांत नाहीच. तिथे ठाणे १,१०,६०,१४८ दिसेल. फोड केली की ठाणे ८०,७०,०३२ आणि पालघर २९,९०,११६. फळ्यावर सात जिल्हे दाखवून ठाण्यापुढे १ कोटी १० लाख लिहिलेत तर पालघर दोनदा मोजला जाईल. ही चूक मी छापील पुस्तिकांतही बघितली आहे.

आता जे खरोखर लिहिण्यासारखं आहे ते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रात तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली आणि ते तिन्ही कोकण विभागातले. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ (४.८२ टक्के घट), सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ (२.२१ टक्के), आणि मुंबई शहर ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ (७.५७ टक्के). त्याच दशकात जुना ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला. तळकोकण पोटासाठी मुंबईला गेलं आणि मुंबईतली गिरणगावची चाळ डोंबिवली-विरारला, हे या चार आकड्यांत दिसतं.

रत्नागिरीत २०११ ला पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८. दर हजारी ११२२. यावरून ‘कोकणात मुली जास्त जन्मतात’ असा निष्कर्ष बरेच जण काढतात. साफ चूक. शून्य ते सहा वयोगटाचं गुणोत्तर बघा: ९३६. जन्माला मुली कमीच आहेत. मोठेपणी पुरुष इथे मोजले जात नाहीत, म्हणून गुणोत्तर चढतं. त्याच वेळी मुंबई शहरात एकूण गुणोत्तर ८३२ आहे. ११२२ आणि ८३२ एकमेकांशेजारी लिहा, वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही.

वाटाड्या_७२

@शिरगणती, एक शंका. चाकरमानी शिमग्याला गावी येतो आणि जनगणना फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. मग २०११ ला आलेले गावातच मोजले गेले नसतील का? म्हणजे खरी घट याहून मोठी असेल.

शिरगणती

नाही, दोन कारणांनी. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, १ ते ५ मार्च उजळणी फेरी. होळी होती १९ मार्चला, पालखी घरोघर फिरायच्या बऱ्याच आधी प्रगणक निघून गेले होते. आणि समजा तारखा जुळल्या असत्या, तरी प्रगणक विचारतो तो नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाबद्दल. परळला बिऱ्हाड असलेला माणूस चार दिवस गुहागरला आला म्हणून गुहागरचा होत नाही. रेशनकार्ड गावचं, मतदार यादीत नाव गावचं, पण शिरगणतीत तो मुंबईकर. ग्रामपंचायतीतली नावं आणि जनगणनेतलं गाव जुळत नाही ते यामुळेच.

पुढच्या गणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. तेव्हा चौकटीत लोकसंख्येचा रकाना कायमच्या रंगाने भरू नका. स्क्रूने बसवायची छोटी पट्टी करा, नंतर तेवढीच बदलता येईल.

खाडीकाठ

पट्टीची कल्पना घेतली. घनताही टाकायची आहे. कोकण विभागाची सरासरी काढली तर २,८६,०१,४४१ भागिले ३०,७२८, म्हणजे चौ. किमीला ९३१ येते. बरोबर?

साखळी_सर्व्हे

भागाकार बरोबर आहे, पण ती संख्या फळ्यावर टाकू नका राव. ९३१ माणसं दर चौरस किलोमीटरला असं पूर्ण वर्णन बसेल असा मोठा मुलूख कोकणात सापडायचा नाही. मुंबईचे दोन जिल्हे २० हजारांच्या आसपास, रायगड ३६८, रत्नागिरी १९७, सिंधुदुर्ग १६३. राज्याची सरासरी ३६५. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून विभागाची ४४ टक्के जमीन आणि जेमतेम साडेआठ टक्के माणसं.

ठिपक्यांनी दाखवा. आता तुमच्या फळ्याचं गणित. उत्तर-दक्षिण ५१० किमी धरा. १ सेंमीला ३ किमी हे प्रमाण ठेवलं तर नकाशा १७० सेंमी उंच होतो. सहा फूट म्हणजे १८३, वर-खाली शीर्षकाला जागा उरते. रुंदी सुमारे ५७ सेंमी, तीही दोन फुटांत बसते. मात्र कोकण वरून खाली जाताना पूर्वेकडे झुकत जातं, त्यामुळे डावीकडे खाली अरबी समुद्राचा मोठा रिकामा त्रिकोण मिळेल. चौकट तिथेच टाका, पूर्वेला देशाच्या (घाटमाथ्याच्या) बाजूला घाट लागतो, तिकडे जागा नाही.

१०,००० माणसांना एक ठिपका. रत्नागिरीला १६२, सिंधुदुर्गाला ८५, हाताने मारता येतील. मुंबईचे १,२४४ होतात आणि फळ्यावर मुंबईला जागा मिळते फक्त ६७ चौ. सेंमी. दोन ठिपक्यांत सव्वादोन-अडीच मिमी अंतर राहील. ब्रशने ते होणार नाही, काळा डाग पडेल. मुंबई सरळ एका रंगाने भरा आणि वर आकडा लिहा, किंवा बाजूला मोठ्या प्रमाणाचा छोटा नकाशा करा.

ठिपके मारताना ते सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) मारू नका. तळकोकणात वस्ती एकगठ्ठा गावठाणात नसते, वाड्या-वाड्यांनी पसरलेली असते, आणि त्या वाड्या खाडीच्या नाहीतर पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) काठाने, भातखाचरं आणि डोंगरउतार यांच्या सांध्यावर. वरचा जांभ्याचा सडा बहुतेक उघडा. तिथे विहीर लागत नाही: पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपतं, खालच्या थराशी अडतं आणि उताराला झऱ्याने बाहेर पडतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून एप्रिलात टँकर लागतो तो याच भूगोलामुळे. सड्यावर माणसांऐवजी दाखवण्यासारखं दुसरं काही आहे: कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी इथली कातळशिल्पं. ती वेगळ्या चिन्हाने टाका.

गलबत

बंदरांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी. नकाशा करणारे हमखास एक चूक करतात: सगळी जुनी बंदरं समुद्राच्या रेघेवर टाकतात. जुनी पुष्कळशी बंदरं खाडीत आत होती. महाड सावित्रीत, गोवळकोट वाशिष्ठीत, संगमेश्वर शास्त्रीत, राजापूर अर्जुनेच्या काठी, खारेपाटण त्याच्याही दक्षिणेला. कारण साधं. शिडाचं गलबत भरतीबरोबर आत जायचं, ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, आणि माल उतरायचा तो घाटाच्या पायथ्याच्या शक्य तितक्या जवळ. बैलाच्या पाठीवरचं ओझं जितकं कमी चालेल तितकं बरं. म्हणून प्रत्येक बंदरामागे एक घाट आहे. कल्याणमागे नाणेघाट, महाडमागे वरंधा, चिपळूणमागे कुंभार्ली, राजापूरमागे अणुस्कुरा. बंदर आणि घाट एका तुटक रेघेने जोडा, नकाशा बोलायला लागेल.

ही आतली बंदरं मेली कशामुळे? इथल्या नद्या आखूड आणि उताराच्या. सह्याद्रीपासून समुद्र तीस ते साठ किलोमीटरवर, चार महिन्यांत सगळा पाऊस. डोंगर उघडे पडले तशी माती थेट खाडीत. भरतीचा जोर आतल्या टोकाशी मुळात कमी, त्यामुळे आलेला गाळ बाहेर ओढला जात नाही. आधी मोठं गलबत फक्त उधाणाच्या भरतीला येऊ लागलं, भांगाच्या (भरती कमी चढते त्या) दिवसांत तोंडाशीच थांबू लागलं, शेवटी होडकंच उरलं. त्यातच बोरघाटातून १८६३ ला आणि थळघाटातून १८६५ ला रेल्वे वर चढली, आणि देशावरचा माल मुंबईला वळला. गाळ आणि रेल्वे दोन्हीचं काम आहे हे. एकट्या गाळावर खापर फोडू नये.

सगळी टाकलीत तर फळा भरेल. माझ्या मते आठ पुरेत. सोपारा: अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे १८८२ ला भगवानलाल इंद्रजींना मिळाला. कल्याण. चौल. महाड. दाभोळ, जे १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी जाळलं. राजापूर, जिथली इंग्रजांची वखार १६६१ ला शिवाजी महाराजांनी लुटली. विजयदुर्ग, आंग्र्यांच्या आरमाराचं, १७५६ ला पडलं. वेंगुर्ला, डचांच्या वखारीचं. वसई बंदर म्हणून नको, किल्ला म्हणून टाका: १७३९, चिमाजी अप्पा. किल्ल्यांत सिंधुदुर्गाला साल द्यायचं तर पायाभरणीचं, २५ नोव्हेंबर १६६४.

आणि जंजिरा रंगवताना काळजी घ्या. तो आणि भोवतीचा मुलूख १९४८ पर्यंत संस्थान होता, सावंतवाडीही तशीच. ‘१८१८ ला सगळं कोकण इंग्रजांकडे’ असं एका ओळीत लिहिलंत तर ही दोन्ही त्यात बुडतील.

रेडीकर

@गलबत, यादी छान, पण आजची बंदरं गाळू नका. न्हावा शेवा १९८९ पासून चालू. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ ला झाली, तेव्हा ते पोकळ वर्तुळाने दाखवा; भरीव वर्तुळ आत्ताच मारलंत तर काम पूर्ण झालंय असं वाटेल.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: लांबीचे दोन आकडे, टोकं झाई आणि रेडी, सात जिल्हे फोडलेल्या आकड्यांनी, लोकसंख्येची पट्टी स्क्रूची, घनतेची सरासरी रद्द, बंदर ते घाट तुटक रेघा. एकच राहिलं. नद्या सगळ्या काढू की निवडक? रंगारी म्हणतो निळ्या रेघा फार झाल्या तर जिल्ह्यांची नावं वाचता येणार नाहीत.

साखळी_सर्व्हे

रंगाऱ्याचं ऐका. उल्हास, वैतरणा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, अर्जुना, गड, कर्ली, तेरेखोल एवढ्या पूर्ण काढा. बाकीच्यांची फक्त खाडीची तोंडं. तुमच्या प्रमाणात एक किलोमीटर रुंद खाडी ३ मिमीच्या वर येते, म्हणजे तोंडाशी ब्रश टेकवून आत निमुळता ओढत नेला की झालं. नदीचं नाव समुद्रात लिहा, जमिनीवर नको. आणि वाशिष्ठीवर पोफळीपाशी एक बाण मारा: कोयनेचं पाणी वीज करून तिथून या बाजूला उतरतं. घाटापलीकडचं, कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी अरबी समुद्राला मिळतं ते एवढंसं बाणाने कळेल. कोणी विचारलं तर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे, हेही सांगता येईल.